अंगणातला राजगड: दिवाळीचा मातीचा किल्ला, पायापासून तटापर्यंत

किल्ला करायचं ठरलं की मुलं सगळ्यांत आधी दरवाजा कुठे आणि तोफ कुठे यावरून भांडायला लागतात. डोंगराचा विचार कुणाच्या मनात नसतो. विटांचा ढीग रचला, त्यावर पोतं टाकलं, चिखल थापला, की झाला डोंगर! मग त्या ढिगावर कितीही देखणा तट बांधा, तो वरून आणून ठेवल्यासारखाच दिसतो. गेली सोळा-सतरा वर्षं मी आमच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलांना घेऊन किल्ला करते आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. हातात जेवढे दिवस असतील त्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोंगराला द्या. सह्याद्री नीट उभा राहिला की तट-बुरूज दोन-तीन संध्याकाळींत होतात आणि तिथलेच वाटतात.

आणखी एक नियम मी पहिल्या वर्षापासून पाळते. किल्ल्यात जे जे जाईल ते दिवाळीनंतर पुन्हा मातीत मिसळलं पाहिजे किंवा जसंच्या तसं परत वापरता आलं पाहिजे. म्हणजे सिमेंट नाही, थर्माकोल नाही, प्लास्टर ऑफ पॅरिस नाही, ऑइलपेंट नाही. सिमेंट लावलेला किल्ला मोडताना घण लागतो आणि त्याचा राडारोडा कचऱ्याच्या गाडीत जातो. ती माती कुठल्याच झाडाच्या कामाची राहत नाही.

कोणता किल्ला?

मनाने रचलेला किल्ला करायला हरकत नाही, पण एखादा खरा किल्ला समोर ठेवला तर हात जास्त शहाण्यासारखे चालतात. इथे मी राजगड घेतला आहे. एक तर तो वरून बघितला की चटकन ओळखू येतो. मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्यापासून तीन बाजूंना पसरलेल्या तीन माच्या, म्हणजे खालच्या टप्प्यावरच्या तटबंद सपाट्या: उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा आणि नैर्ऋत्येला लांबलचक संजीवनी. दुसरं म्हणजे रायगडाच्या आधी महाराजांची राजधानी इथे होती, त्यामुळे काम करता करता मुलांना सांगण्यासारखं पुष्कळ असतं. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ साली इथेच परतले. राजाराम महाराजांचा जन्म १६७० साली इथलाच. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतही राजगड आहे.

सुरुवात करण्याआधी फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडून राजगड वरून बघा आणि मुलांना कागदावर त्याची बाह्यरेषा काढायला लावा. जमलं तर आदल्या महिन्यात एकदा प्रत्यक्ष जाऊन या. बालेकिल्ल्याच्या खड्या पायऱ्या ज्या मुलाने स्वतः चढल्या आहेत, त्याला तो उतार मातीत कसा काढायचा हे सांगावं लागत नाही.

प्रमाणाचं गणित एकदा समजून घ्या. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. अंगणात तिला अडीच फूट दिले, तर एक फूट म्हणजे एक किलोमीटर झाला. या हिशेबाने तीस फूट उंचीचा बुरूज जेमतेम तीन मिलिमीटरचा होईल, म्हणजे दिसणारच नाही. तेव्हा जमिनीवरचा आकार प्रमाणात ठेवायचा, उंची दुपटीने वाढवायची आणि तट-बुरूज डोळ्यांना दिसतील एवढे, म्हणजे पाऊण ते एक इंचाचे करायचे. फक्त सगळे बुरूज एकाच मापाने वाढवा. एक बुरूज पेरूएवढा आणि शेजारचा बोराएवढा झाला की नजर तिथेच अडखळते.

दिवसांचा हिशेब

वसुबारसेला किल्ला तयार हवा. तिथून मागे मोजायचं. अळीव पेरल्यापासून हिरवळ नीट दिसायला पाच दिवस लागतात. म्हणून पेरणी वसुबारसेच्या पाच दिवस आधी. त्यापूर्वी डोंगराचा दुसरा थर देऊन कडे कापून झालेले असावेत, त्याला दोन दिवस. पहिला थर आणि त्याचं वाळणं, दोन दिवस. सांगाड्याला एक दिवस, माती भिजवायला एक रात्र. एकूण अकरा दिवस धरा. सहामाही परीक्षा आडवी येतेच. ज्या दिवशी मुलांचा पेपर असेल त्या दिवशी माती वाळू द्यायची.

जागा

मातीची जमीन असेल तर उत्तम. सकाळचं ऊन येणारी आणि दुपारी सावली असणारी जागा बघा. दिवसभर ऊन असेल तर डोंगर भराभर वाळतो, तडकतो, आणि अळीव करपतं. झाडाखाली अगदी गर्द सावली असेल तर अळीव प्रकाशाकडे ताणत जाऊन पिवळट आणि लांबुडकं होतं. फरशीवर करायचा असेल तर खाली तागाचं पोतं अंथरून त्यावर इंचभर वाळू पसरा, म्हणजे पाणी झिरपायला वाट राहते आणि फरशीवर डाग पडत नाही.

गच्चीवर किंवा बाल्कनीत करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. पाच फूट बाय चार फूट आणि पावणेदोन फूट उंच किल्ला दगडमातीने भरून केला, तर तो अर्ध्या टनाच्या आसपास जातो. बाल्कनीत हे करू नका. तिथे मोठ्या घमेल्यात नारळाच्या सोडणांचा गाभा करून एकटी सुवेळा माची करा. तीही फार सुंदर दिसते.

माती

पाच बाय चार फुटांच्या किल्ल्याला चौदा-पंधरा घमेली माती लागते. नर्सरीतली तांबडी माती मुख्य धरायची. काळी माती चिकट म्हणून सगळ्यांना हवीशी वाटते, पण ती भिजल्यावर फुगते आणि वाळताना आक्रसते. नुसत्या काळ्या मातीच्या डोंगराला दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा पडतात. मी तीन घमेली तांबडी, एक घमेलं काळी आणि अर्धं घमेलं बारीक वाळू असं प्रमाण धरते. त्यात दोन मुठी भाताचं तूस किंवा बोटाच्या पेराएवढा कापलेला पेंढा. पेंढ्याने माती धरून राहते, भेगा पसरत नाहीत. ताजं शेण मिळालं तर घमेल्याला एक ओंजळ.

सगळं कोरडंच कालवा, मधे आळं करून पाणी ओता आणि रात्रभर पोत्याखाली झाकून ठेवा. सकाळी मुलांना पायांनी तुडवायला लावा. हे काम त्यांच्यासारखं कुणालाच जमत नाही.

माती जमली की नाही हे बघायला लाडू वळायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकायचा. फुटून विखुरला तर वाळू जास्त आहे किंवा पाणी कमी आहे. पचकन पसरला तर पाणी जास्त. थोडासा चपटा होऊन कडेला एक-दोन चिरा पडल्या, तर माती तयार. शिवाय एक छोटी भाकरी थापून दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी ती आरपार तडकली असेल तर वाळू आणि पेंढा वाढवा. या भाकरीने माझी निदान दोन वर्षांची मेहनत वाचवली आहे.

तट-बुरुजांसाठी मात्र शाडू हवा. तो बारीक असतो, हवा तसा वळतो. आमच्याकडे घरच्या गणपतीचं विसर्जन बादलीत होतं. तो शाडू गाळून, वाळवून डब्यात ठेवते आणि दिवाळीत काढते. दीड फुटाच्या आतल्या मूर्तीचा शाडू एका किल्ल्याच्या तटाला पुरून उरतो. ज्यांच्या मनाला हे पटत नसेल त्यांनी कुंभाराकडून दोन-तीन किलो आणावा.

सांगाडा

जमिनीवर राखेने बाह्यरेषा काढा. खरी उत्तर दिशा बघून पद्मावती तिकडे धरा, म्हणजे सकाळचं ऊन सुवेळा माचीवर येतं, अगदी गडावर येतं तसं. माच्यांच्या रेषेबाहेर हात-दीड हात उतारासाठी सोडा.

बालेकिल्ल्याच्या जागी विटांचे तुकडे आणि डबर रचा. मोठे दगड खाली, लहान वर, आणि प्रत्येक दगड हलवून बघा. डुगडुगणारा दगड आज चालवून घेतला तर चार दिवसांनी तिथेच भेग दिसते. माच्यांसाठी दगडांच्या ओळी करा आणि मधल्या पोकळीत नारळाची सोडणं भरा. त्यामुळे वजन कमी राहतं, माती कमी लागते आणि पाणीही धरून राहतं. माच्यांची उंची बालेकिल्ल्याच्या साधारण दोन तृतीयांश ठेवा. संजीवनी सरळ फूटपट्टीसारखी करू नका. ती टप्प्याटप्प्याने उतरत जाते, तेव्हा सांगाड्यातच दोन ठिकाणी पायरी द्या.

आता पोतं. तागाचंच घ्या, प्लॅस्टिकच्या पोत्याला माती धरत नाही. दाट ताकासारख्या चिखलात ते बुडवून सांगाड्यावर टाका. इथे बहुतेकांची एक चूक होते: पोतं तंबूसारखं ताणून बसवतात आणि डोंगरही तंबूसारखाच दिसतो. पोतं सैल सोडा. दगडांच्या मधे जिथे खळगा असेल तिथे मुठीने आत ढकला आणि वरपासून खालपर्यंत चुण्या पाडा. याच चुण्यांच्या पुढे घळी होणार आहेत.

थापणं

पहिला थर थापायचा नाही, फेकायचा. मुठीएवढे गोळे करून जोरात मारायचे, म्हणजे माती पोत्याच्या विणीत घुसते. थर इंचभर पुरे. खालून सुरुवात करून वर जा. संध्याकाळी खराट्याने त्यावर ओरखडे काढून ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी भेगा दिसतील. त्या दिसायलाच हव्यात, कारण आत्ता पडल्या त्या पुढे पडणार नाहीत. त्यांत ओली माती बोटाने दाबून भरा, सगळीकडे पाण्याचा शिपका मारा आणि दुसरा इंचभर थर द्या. हा थर हाताने, तळव्याने दाबत, वरून खाली.

दुसरा थर दिल्यावर लगेच गुळगुळीत करायचा मोह होतो. थांबा. एक तांब्या पाणी घ्या आणि बालेकिल्ल्याच्या माथ्यावरून अगदी हळू ओता. पाणी कुठल्या वाटेने जातं ते सगळ्यांनी बघा. ज्या वाटेने ते गेलं त्या वाटेने बोट ओढा, ती झाली घळ. दुसऱ्या बाजूने पुन्हा ओता. चार तांब्यांत डोंगराच्या सगळ्या घळी मिळतात, आणि त्या खऱ्या वाटतात, कारण पाण्यानेच त्या काढल्या आहेत. दोन घळींच्या मधला फुगवटा म्हणजे सोंड किंवा धार. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक आजोबा, आयुष्यभर सह्याद्रीत हिंडलेले, त्यांनी मला हे दाखवलं. "हाताने डोंगर करू नकोस पोरी, पाण्याला करू दे," म्हणाले आणि तांब्या माझ्या हातात दिला.

कडे कापणं

सगळ्या कामात मला सर्वांत आवडणारा भाग हा. सह्याद्री इतर डोंगरांपेक्षा वेगळा दिसतो तो त्याच्या थरांमुळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले आणि थंड झाले. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार झाला, कठीण थर कड्यासारखा उभा राहिला. म्हणून आपला डोंगर असा दिसतो: उभा कडा, त्याखाली गवताचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. हा क्रम मातीत आला की बघणारा लांबूनच म्हणतो, हा सह्याद्री.

कडे कापायची वेळ नेमकी साधावी लागते. माती ओली असेल तर सुरीबरोबर ओढली जाते, वाळली असेल तर ढेकळं सुटतात. बोट दाबून बघा. ठसा उमटला पण बोटाला माती चिकटली नाही, की ती वेळ. साधारणपणे दुसरा थर दिल्यावर पाच-सहा तासांनी येते, ढगाळ हवा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

बालेकिल्ल्याच्या माथ्यापासून सुरुवात करा. जुनी सुरी किंवा थापी उभी धरून वरच्या काठाखाली सरळ खाली कापा, दोन-अडीच इंच. कापलेली माती तशीच खाली पडू द्या आणि तळाशी तिरकी दाबा. तो झाला कड्याखालचा उतार. मग एका उताराइतकं अंतर सोडून दुसरा कडा, हा कमी उंचीचा. माच्यांच्या कडेनेही एक कडा फिरवून घ्या. कड्याची रेषा एका पातळीत ठेवा, कारण थर आडवे असतात. मात्र घळ आली की कडा आत वळला पाहिजे आणि सोंड आली की बाहेर.

आता खराट्याची काडी घ्या आणि कड्यावर वरून खाली ओरखडे काढा. सगळे एकसारखे नकोत. कुठे खोल, कुठे उथळ, मधूनच एक आडवी चीर. मग लाकडी कोळशाची पूड आणि चुलीची राख समभाग घेऊन पाण्यात कालवा आणि फडक्याच्या बोळ्याने फक्त कड्यांवर टिपा. ओरखड्यांच्या तळाशी काळं जास्त बसतं, कंगोऱ्यांवर कमी. पाच मिनिटांत ती माती कातळ वाटायला लागते.

सुवेळा माचीवर नेढं आहे, कातळाला आरपार पडलेलं भोक. मुलांना ते करायचंच असतं. माची ज्या ठिकाणी अरुंद आहे तिथे पेन्सिल दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी फिरवत आत न्या. एकाच बाजूने घुसवली तर पलीकडची माती फुटते. मग करंगळीने कडा गोल करा. झोपून त्यातून पलीकडे बघायला प्रत्येक जण येतो, मोठी माणसंसुद्धा.

हिरवळ

मोहरीपेक्षा अळीव चांगलं, आणि त्याचं कारण उतार. अळीव भिजलं की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत चिकट आवरण तयार होतं. अळिवाच्या खिरीत बघितलं असेल. त्यामुळे दाणा तिरक्या मातीवर टाकला तरी तिथेच चिकटून राहतो. मोहरी घरंगळत तळाशी जाते आणि सगळी हिरवळ पायथ्याशी गोळा होते.

दीडशे ग्रॅम अळीव अर्धा तास भिजवा. पेरायच्या जागी फवाऱ्याने माती ओली करा आणि चमच्याच्या पाठीने अळीव पातळ पसरा. दाण्याला दाणा लागला तर चालेल, पण थरावर थर नको. जास्त झालं की खालचं कुजतं आणि वास येतो. पेरायचं ते फक्त उतारांवर, घळींत आणि माच्यांच्या सपाटीवर. कड्यांवर एक दाणाही नको. एका वर्षी मुलांच्या उत्साहाने आम्ही सगळा डोंगर पेरला आणि पाचव्या दिवशी सगळे कडे हिरवळीखाली गडप झाले. दोन दिवस खपून कापलेला सह्याद्री दिसेनासा झाला, फार वाईट वाटलं.

पहिले दोन दिवस पेरलेल्या भागावर ओलं सुती फडकं हलकेच टाका. ऊन लागत नाही आणि चिमण्या दाणे टिपत नाहीत. कोंब दिसले की फडकं काढा. पाणी फवाऱ्यानेच द्यायचं, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. तांब्याने घातलं तर दाणे वाहून जातात.

आठ-दहा दिवसांत अळीव दोन इंचांवर जातं आणि किल्ल्यापेक्षा उंच वाटायला लागतं. ते कातरू नका. वरची पानं गेली की ते पुन्हा फुटत नाही, नुसते देठ उरतात. त्यापेक्षा दर्शनी भाग तीन दिवस उशिरा पेरा. पायथ्याच्या शेतांसाठी मात्र नाचणी घाला. ती गवताच्या जातीची असल्याने कातरली तरी चालते, आणि मावळातल्या शेतात शोभतेही. जुन्या भिंतीवर शेवाळ असेल तर तळहाताएवढं खरवडून कड्यांच्या खाचांत दाबा. खऱ्या किल्ल्यांच्या तटावरचं किंवा झाडांच्या खोडावरचं मात्र कधीही काढू नका.

तट, बुरूज, दरवाजे

शाडू कणकेसारखा मळा. बुरुजांसाठी लहान औषधी बाटलीच्या झाकणात आतून राख भुरभुरून शाडू दाबा आणि आपटून काढा. सगळे एका मापाचे होतात. एक दिवस आधी करून सावलीत ठेवा. तटासाठी करंगळीएवढी वळी करून लाटण्याने चपटी करा, सुरीने कडा सरळ कापा आणि वरच्या काठाला काडीच्या टोकाने खाचा द्या. या झाल्या चर्या. त्याखाली सुईने तिरकी भोकं पाडली की जंग्या, म्हणजे शत्रूवर मारा करायची भोकं.

बसवताना डोंगरावर जिथे तट येणार तिथे ओरखडे काढा, पातळ शाडू लावा आणि मग पट्टी दाबा. कोरड्या मातीवर ओला शाडू नुसता ठेवला तर वाळल्यावर सुटतो. तट कड्याच्या अगदी काठावरून न्या, आणि कडा आत वळला की तटही आत वळवा. खऱ्या बांधणाऱ्यांनी तेच केलं आहे, कडा हाच अर्धा तट. संजीवनीवर दुहेरी, चिलखती बांधणी आहे. तिथे बोटभर अंतर सोडून दोन पट्ट्या समांतर बसवा. मुलं विचारतातच, "काकू, दोन कशाला?" बाहेरचा तट पडला तरी शत्रू दोन भिंतींच्या मधल्या अरुंद जागेत अडकतो, हे तिथे बोट घालून दाखवलं की लगेच कळतं.

दरवाजे: पद्मावती माचीकडे पाली दरवाजा आणि गुंजवणे दरवाजा, संजीवनीकडे अळू दरवाजा. बालेकिल्ल्याचा महादरवाजा खड्या पायऱ्यांच्या वर. पाली दरवाज्याची वाट ऐसपैस, पायऱ्यांची आहे, ती अर्धा इंच रुंद काढा. गुंजवण्याहून चोर दरवाज्याला येणारी पायवाट मात्र काडीने ओढलेली एक रेघ पुरे. वाटांवर चाळलेली कोरडी माती भुरभुरा, म्हणजे त्या उठून दिसतात. पद्मावती माचीवर देवीचं देऊळ आणि त्यासमोर सईबाईंची समाधी. त्यांचं १६५९ साली राजगडावरच निधन झालं. आमच्याकडे समाधीजवळ मुली दरवर्षी शेवंतीची एक पाकळी ठेवतात.

पद्मावती तलावासाठी करवंटी जमिनीसपाट पुरा आणि काठाला माती लावून लपवा. मातीत नुसता खड्डा करून पाणी भरलं तर ते आत मुरतं आणि दुसऱ्या दिवशी माची खचते. पायथ्याच्या झोपड्या गवताच्या काड्यांच्या, झाडं वाळलेल्या मंजिऱ्यांची आणि शेवग्याच्या डहाळ्यांची. मावळे मातीचे घ्या, पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात. शक्य तेवढे लहान बघा. बुरुजाच्या चौपट उंच पहारेकरी उभा केला की सगळा राजगड बारका होऊन जातो.

भगव्यासाठी पांढरी सुती चिंधी हळदीच्या पाण्यात बुडवा आणि मग त्यात चुन्याची निवळी थेंब-थेंब सोडा. पिवळा रंग लालसर होत जातो. हवा तसा आला की काढा आणि सावलीत वाळवा. उन्हाने तो चार-पाच दिवसांत उतरतो, म्हणून दोन झेंडे जास्तीचे ठेवा.

पाऊस आणि दिवे

परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावर येऊ शकतो. किल्ल्याभोवती चार बोटं खोल चर आणि त्याला एका बाजूला उतार पहिल्याच दिवशी करून ठेवा. ताडपत्री लागली तर ती बांबूवर, किल्ल्यापासून हातभर उंच बांधा. एका धनत्रयोदशीच्या रात्री घाईत आम्ही प्लॅस्टिक सरळ किल्ल्यावरच टाकलं. सकाळी उचललं तेव्हा संजीवनीचा निम्मा तट त्याला चिकटून वर आला आणि अळीव दबून काळं पडलं होतं. फारच मोठा पाऊस आला तर भिजू द्या. डोंगर टिकतो, फक्त तट दुसऱ्या दिवशी नव्याने लावावा लागतो.

पणत्या पायथ्याला, वाळूच्या लहान ओट्यांवर ठेवा. तेल सांडलं की तिथलं अळीव मरतं. झोपड्या आणि मंजिऱ्या वाळलेल्या असतात, म्हणून पणती त्यांच्यापासून वीतभर लांब. किल्ल्यात फटाके लावून उडवायची पद्धत काही ठिकाणी आहे. मला ते बघवत नाही, आणि आमच्या मुलांनीही कधी मागितलं नाही.

मोडणं

तुळशीच्या लग्नापर्यंत आमचा किल्ला उभा असतो. तोवर अळीव पिवळं पडून आडवं झालेलं असतं. मग एका रविवारी सकाळी आम्ही तो उतरवतो. आधी मावळे आणि झेंडे. मग शाडूचा तट पट्टी-पट्टीने सोडवून बादलीत. उरलेल्या डोंगरावर प्रत्येक मुलाने एकेक तांब्या पाणी ओतायचं. पाणी त्याच घळींतून जातं, आता त्या जास्त खोल होतात, सोंडा बारीक होत जातात, नेढ्याचा वरचा भाग खाली बसतो. कुणी बोलत नाही, सगळे वाकून बघत असतात. डोंगर मऊ झाला की माती घमेल्यांनी कुंड्यांत जाते, अळिवाची मुळं आणि पेंढा त्यातच. पोतं कुजलेलं असेल तर खतात, नाहीतर धुऊन माळ्यावर. दगड-विटा भिंतीलगत रचून ठेवतो, त्यांतल्या काही विटा पहिल्या वर्षापासूनच्या आहेत.

बादलीतल्या शाडूवर पाणी घालायचं, दोन दिवसांनी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि साका फडक्यातून गाळायचा. खडे, काड्या निघाल्या की त्याच्या वड्या करून सावलीत वाळवायच्या आणि डबा घट्ट लावायचा. तो डबा मग भाद्रपदाच्या आदल्या आठवड्यात उघडतो, गणपतीसाठी.